बांधावरची मडकी

हिंगणसावळीच्या तळ्यावर आलात, तेव्हा बांधावर ओळीने मांडलेली ती लहान लहान मडकी पाहिलीत का? जरा जवळ जाऊन बघा. एकावर बाई ताक घुसळते आहे. एकावर म्हातारा दारात बसून काठीने कोंबड्या हाकतो आहे. एकावर नुसताच एक हात आहे, पिठाने भरलेला. देवाचे किंवा राजाचे चित्र एकावरही सापडणार नाही. ही सगळी गावची गेलेली माणसे आहेत.

फार मागे गावात पटकीची साथ आली, असे सांगतात. कुंभाराचे घर एकच. सटवाजी चाकावर मडकी घडवी आणि त्याची बायको भिवरा ती ओली असताना थापटून वाढवी. कोणी गेले की स्मशानात फोडायचे मडके त्यांच्याच घरून जाई. साथीत एकेका दिवशी कितीतरी मडकी जाऊ लागली. रोग लागू नये म्हणून भिवरा ती कुंपणापाशी ठेवी आणि लोक येऊन उचलून नेत. त्यात एकदा एकाच्या नावाचे मडके दुसऱ्याच्या घरी गेले आणि स्मशानातच भांडण झाले.

तेव्हापासून भिवरा चुन्यात काडी बुडवून प्रत्येक मडक्यावर खूण करू लागली. नाव लिहिता कोणाला येत होते? म्हणून ती विचारी, "माणूस रोज काय करायचा?"

"शेती करायचा," ठकूबाई कुंपणापलीकडून म्हणाली. तिचा नवरा गेला होता.

"ती सगळेच करतात, ठकूबाई. तुझा धनी काय करायचा?"

"म्हशीशी भांडायचा. रोज, दूध काढताना. माझ्याशी एवढं कधी बोलला नाही."

भिवराने म्हैस काढली.

हळूहळू गावाचा समज झाला की खुणेशिवाय गेलेल्याला वर त्याचे पूर्वज ओळखत नाहीत. लोक लांबून येऊन नीट आठवून सांगू लागले. आणि भिवराच्या आत मात्र काही हलेनासे झाले. ती विचारी, ऐके, काडी बुडवी. समोर कोणी ऊर बडवून रडत असले, तरी तिच्या मनात एवढेच येई की चुना संपत आला आहे.

मग सटवाजी गेला. पहाटे उलट्या सुरू झाल्या आणि दुपारी सगळे संपले.

भिवराने मडके घेतले, चुना घेतला आणि काडी तशीच हातात धरून बसली. ठकूबाई कुंपणापाशी आली.

"दाजी रोज काय करायचे, भिवरा?"

"चाक फिरवायचे."

"ते तर सगळेच कुंभार फिरवतात," ठकूबाई हळूच म्हणाली. टोमणा नव्हता तो. भिवराने तिला जसे आठवायला लावले होते, तसेच ती लावत होती.

भिवराने आठवून पाहिले. माती, चाक, मडकी भाजायचा आवा, जेवण, झोप. गावातल्या प्रत्येकाचे तिला ठाऊक होते. इतकी वर्षे ज्याच्याबरोबर एका अंगणात काढली, त्याचे म्हणून काही हाती येईना. ऊन कलले. तिरडी बांधून लोक थांबले होते.

"काढ काहीतरी," कोणी म्हणाले. "बैल काढ, फूल काढ. वर कोण विचारतंय?"

"खोटं नाही काढायचं," भिवरा म्हणाली आणि कोरे मडके पुढे केले. आपण आपल्या माणसाला ओळखीवाचून वाटेला लावतो आहोत, हे तिला कळत होते. पण तेही लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरी घडत असल्यासारखे. संध्याकाळी ते मडके तसेच फुटले.

आजही हिंगणसावळीत स्मशानात कोरेच मडके जाते. त्या दिवशी घरच्यांना कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कुंभाराघरची बाई ओले मडके घेऊन दारात येते, रोजचे विचारते आणि सांगतील ते बाभळीच्या काट्याने मातीत कोरते. उत्तर येईना, तर बसून राहते. ते मडके आव्यात भाजून बांधावर येते. ओळीतले पहिले मडके सटवाजीचे आहे, म्हणे. त्यावर एक माणूस हात उंच करून खांबाला घोंगडी बांधतो आहे.

सटवाजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, करायला दुसरे काही नव्हते म्हणून, त्याची फडक्याखाली झाकलेली ओली मडकी थापटायला भिवरा नेहमीच्या जागी बसली, आणि ऊन थेट तिच्या डोळ्यांवर आले. त्या जागेवर सकाळी ऊन येते हे तिला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हते. आडोशाची फाटकी घोंगडी कुंपणावर घडी करून पडली होती. रोज ती बसायच्या आधीच बांधलेली असे. भिवरा जागची उठली नाही. मांडीवरचे मडके तिने आपल्याकडे वळवले, कुंपणाचा एक काटा मोडला आणि ओल्या मातीत आधी त्याचे हात काढले.