टिंगूचं डराव कुणी अडवलं?

कान इकडे, डोळे इकडे, बोटं तोंडाबाहेर! ऐका आता.

एक होता बेडूक. नखाएवढा. नाव त्याचं टिंगू. राहायचा कुठे? तळ्यात? छे! विभामावशीच्या कॉम्प्युटरमध्ये. मावशीनेच त्याला बनवलं होतं, तिच्या भाचीसाठी, छोट्या शर्वीसाठी. शर्वीने बोट लावलं की टिंगूने म्हणायचं, "डराव!"

एकदा मावशीने आणला नवा कॉम्प्युटर. टिंगूला ठेवलं त्यात. शर्वीने बोट लावलं. टिंगूने गाल फुगवले. हे एवढे! आणि आवाज आला, "फुस्स."

"हा बेडूक नाही," शर्वी म्हणाली. "हा हिरवा बटाटा."

बटाटा! टिंगूला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की काही विचारू नका. "माझं डराव मी आणणारच," तो म्हणाला. आणि शिरला कॉम्प्युटरच्या पोटात. तिथे होतं एक गाव, लिनक्सपूर.

टुण्ण उडी, टुण्ण उडी. भेटला भोंगेदादा.

"भोंगेदादा, भोंगेदादा,
डराव काही येईना.
वाजतोस का?"

"वाजेन की! पण आधी सूरताईला सांग. ती गाईल, तर मी वाजेन."

टुण्ण उडी, टुण्ण उडी. भेटली सूरताई.

"सूरताई, सूरताई,
भोंगा काही वाजेना,
डराव काही येईना.
गातेस का?"

"गाईन की! पण मला लागतो नवा ठेका. तो पाटावर बसेल, तर मी गाईन."

टुण्ण उडी, टुण्ण उडी. गावाच्या वेशीवर उभा होता नवा ठेका. हातात पिशवी, पाय नुसते थिरकतायत.

"नव्या ठेक्या, नव्या ठेक्या,
ताई काही गाईना,
भोंगा काही वाजेना,
डराव काही येईना.
बसतोस का?"

"बसेन की! पण बसू कुठे? या गावात एका नावाचा एकच पाट. माझं नाव ठेका, आजोबांचं नावही ठेका. ते उठतील, तर मी बसेन."

टुण्ण उडी, टुण्ण उडी. पाटावर बसले होते ठेकेआजोबा. धिम्मक... धिम्मक...

"आजोबा, आजोबा,
नवा काही बसेना,
ताई काही गाईना,
भोंगा काही वाजेना,
डराव काही येईना.
उठता का?"

"उठेन की, बाळा! पण घड्याळबाईने माझा हात धरलाय. ती सोडेल, तर मी उठेन."

शेजारीच होती घड्याळबाई. टिक टिक, टिक टिक.

"घड्याळबाई, घड्याळबाई,
जुना काही उठेना,
नवा काही बसेना,
ताई काही गाईना,
भोंगा काही वाजेना,
डराव काही येईना.
सोडतेस का?"

"मुळीच नाही! मी चालते आजोबांच्या ठेक्यावर. तो नवा दुडुदुडु पळतो. त्याच्या नादी लागले, तर सकाळी उठल्या उठल्या रात्र होईल!"

झालं! आता पुढे जायचं कुणाकडे? पुढे कुणी नव्हतंच. टिंगूने भोकाड पसरलं. पण भोकाडसुद्धा फुस्स! मग तो परत फिरला. टुण्ण उडी, टुण्ण उडी. थेट काचेपाशी. काचेबाहेर होती विभामावशी.

"मावशी, मावशी,
बाई काही सोडेना,
जुना काही उठेना,
नवा काही बसेना,
ताई काही गाईना,
भोंगा काही वाजेना,
डराव काही येईना!"

"एवढंच ना?" मावशी म्हणाली. "थांब, मीच उठवते आजोबांना." मावशीला भारी घाई. खटखट, खटाखट! आजोबांना उचललं पाटावरून.

आणि घड्याळबाई बंद! ना टिक, ना टिक. सगळं गाव थांबलं. भोंगेदादा जांभई देत होता, तो तसाच राहिला. आऽऽ करून!

"अगं बाई, चुकलंच माझं! बसा हो आजोबा, बसा." आजोबा बसले. टिक टिक, टिक टिक. भोंगेदादाने तोंड मिटलं.

मावशीने डोकं खाजवलं. मग म्हणाली, "जागा एवढी मोठी, आणि पाट एकच? असं कुणी सांगितलं?"

"आमच्याकडे असंच असतं," सगळे म्हणाले.

"असं असतं होय? मग आता तसं असेल!" खटखट, खटाखट! मावशीने मांडला दुसरा पाट. एका पाटावर लिहिलं जुना ठेका. दुसऱ्यावर लिहिलं नवा ठेका. "घड्याळबाई, तू जुन्याकडे बघायचं. सूरताई, तू नव्याकडे बघायचं. कळलं?"

कळलं!

बाईने हात सोडला नाही. आजोबा जागचे उठले नाहीत. तरी नवा बसला! धिन् धिन् धा!
नवा बसला, ताई गायली. साऽऽ!
ताई गायली, भोंगा वाजला. पोंऽऽ!
भोंगा वाजला आणि टिंगू धावला काचेकडे. टुण्ण, टुण्ण, टुण्ण!

शर्वीने बोट लावलं. टिंगूने गाल फुगवले.

"डराऽऽऽव!"

शर्वी बदकन खाली बसली. डोळे हे एवढे!

"बेडूक!" ती ओरडली. "माझा बेडूक! परत!"

"डराव!"

"परत!"

"डराव! डराव!"

टिंगूला मिळालं डराव. शर्वीला मिळाला बेडूक. मावशीने घातला कानात कापूस. आणि तुम्हाला मिळाली गोष्ट. चला, आता तुम्ही फुगवा गाल!