बकुळेचा आहेर

डोंगरापलीकडच्या एका गावात बकुळा नावाची एक मुलगी होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पण शहरातल्या अंधशाळेत ती टायपिंग शिकली होती. तिची बोटं अशी चालत, की पत्र्यावर गारा पडताहेत असं वाटे. एका कचेरीने तिला काम देऊ केलं. हेडफोनवर बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. फक्त सोमवारी येताना लॅपटॉप स्वतःचा आणायचा होता.

बकुळेची आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. तिला कुठला परवडणार लॅपटॉप? मग गावाने ठरवलं, पोरीला आपण आहेर करू.

त्या गावात आहेराची एक रीत होती. घेणाऱ्याला काय हवं ते विचारायचं नाही, आणि घेणाऱ्याने दिलेल्याला नाव ठेवायचं नाही. बकुळेने निरोप धाडला, की मीही दुकानात येते. पाटील हसले. नवरीला विचारून कुणी लुगडं आणतं का, म्हणाले, आणि गावातली शहाणी माणसं घेऊन स्वतःच गेले.

दुकानात ज्याचं त्याचं मत वेगळं. एकाला मोठा पडदा हवा, एकाला सोनेरी रंग. शेवटी एक लॅपटॉप सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. त्याला वरही काच, खालीही काच. बटणं नव्हतीच, बोट लावलं की काचेवर अक्षरं उजळायची. सोबत दिव्यांचा माऊस घेतला, जरीची पिशवी घेतली. दुकानदाराने हेडफोन पुढे केला, पण तो अगदीच साधा दिसतो म्हणून परत सारला.

शनिवारी देवळासमोर नारळ फोडून लॅपटॉप बकुळेच्या मांडीवर ठेवला. लोक म्हणाले, काहीतरी लिहून दाखव. बकुळेची बोटं काचेवरून इकडून तिकडे फिरली. कुठे उंचवटा नाही, कुठे खाच नाही. सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवावा तसं. मागे कुणीतरी पुटपुटलं, हिला येतच नाही वाटतं.

बकुळेच्या हाताला माऊस लागला. "हा कशाला, पाटीलबाबा?"

"त्याने पडद्यावरचा बाण हलतो, पोरी."

"तो बाण बघणार कोण?"

आईने तिचा दंड दाबला. "बकुळे, छान आहे म्हण आणि घे."

छान आहे म्हटलं तर गाव खूश होणार होतं, आणि सोमवारचं काम जाणार होतं. ती उठून उभी राहिली.

"तुम्ही हा माझ्यासाठी नाही आणला," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसाठी आणलात. मी येते म्हटलं होतं, तर हसलात. आणि आता मला येत नाही म्हणता?"

"आहेराला नाव ठेवतेस?" पाटलांचा चेहरा लाल झाला.

तेव्हा बायकांतून पाटलीणबाई उठल्या. त्या चारचौघांत कधी बोलत नसत. "माझी ट्रंक भरलीय अशा लुगड्यांनी," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही, कसर खातेय त्यांना. या पोरीचं पोट मी ट्रंकेत ठेवू देणार नाही."

रविवारी त्या स्वतः बकुळेला दुकानात घेऊन गेल्या. बकुळेने एकेका लॅपटॉपवर बोटं ठेवली, बटणं दाबून पाहिली, खुणेचे बारीक उंचवटे चाचपले. काचेचा परत देऊन तिने एक जाडजूड, काळा लॅपटॉप घेतला, आणि तोच साधा हेडफोन.

पाटलांनी तो पाहून तोंड वाकडं केलं. "दिसायला कसला गं हा?"

"मला कुठे दिसतोय, बाबा," बकुळा म्हणाली.

सोमवारी कचेरीत गारांचा पाऊस पडला.

पुढच्या लग्नसराईत पाटील आहेराचं लुगडं आणायला निघाले. चपला घातल्या, दारापर्यंत गेले, आणि थबकले. मग दुकानाची वाट सोडून आधी नवरीच्या घरी गेले.

तात्पर्य: वस्तू ज्याला वापरायची आहे, त्याला विचारून घ्यावी, न विचारता केलेल्या आहेरात देणाऱ्याचीच हौस भागते.