सगुणेची अर्धी भाकरी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात सगुणा नावाची तरुणी राहत होती. दांडपट्टा फिरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या राज्यात खिंडीच्या राखणदाराला मोठा मान असे. पण त्यासाठी कसोटी द्यावी लागे. एकामागून एक येणाऱ्या पट्टेकऱ्यांना दिवस मावळेपर्यंत थोपवून धरायचं! सगुणेला तो मान हवा होता.

एकदा कुणीतरी सहज बोलून गेलं, "पट्टेकरी कसा वेताच्या काडीसारखा हवा. सगुणेचं अंग जरा भरलंय."

ते तिच्या मनाला लागलं. तिनं भाकरी अर्ध्यावर आणली. मग दूध सोडलं, उसळ सोडली. अंग हलकं झालं, तशी ती सुखावली. पण टेकडी चढताना आता तिचे पाय कापत.

एके दिवशी सराव करताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पट्टा भलतीकडेच फिरला आणि तिची जिवलग मैत्रीण तुळसा हिच्या दंडाला चाटून गेला. जखम खोल नव्हती, पण रक्त पाहून सगुणेला रडू फुटलं.

पट्टा शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वस्तादांनी तिला जवळ बसवलं. "आज काय खाल्लंस, पोरी?"

"काही नाही."

"आणि काल?"

"अर्धी भाकरी."

"अगं, चरबी झडली तशी ताकदही झडली. ज्या मांड्यांवर तू उभी राहतेस, त्यांनाच उपाशी मारलंस!"

"पण वस्ताद, वजन वाढलं तर?"

"वाढू दे. दम टिकतो का, ते बघ."

दंडाची पट्टी सावरत तुळसा म्हणाली, "चल, आज माझ्याकडे जेव. मटकीची उसळ केलीय."

सगुणा पोटभर जेवू लागली. नाचणीची भाकरी, उसळ, दूध. रोज पहाटे ती तुळसेबरोबर टेकडी पळत चढे. अंग पुन्हा भरलं, तेव्हा तिला जरा खटकलं. पण हळूहळू पायांचं कापणं थांबलं, आणि चढावरही मैत्रिणींच्या गप्पा रंगू लागल्या.

कसोटीच्या दिवशी ऊन चढलं, कललं. पट्टेकरी येत गेले, दमून मागे फिरत गेले. सूर्य डोंगराआड गेला, तेव्हा सगुणा घामानं निथळत खिंडीच्या तोंडाशी पाय रोवून उभी होती.

राजानं तिला राखणदारीचा मान दिला. तुळसेनं तर आनंदानं तिला उचलूनच घेतलं!

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या देहाकडून कष्ट हवेत, त्याला आधी पोटभर घास द्यावा.