होडीच्या मापाचा गाडा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. एका राज्यात एक नदी होती आणि तिच्या वाटेत एक उंच धबधबा होता. वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात जायचे, तर नाव बैलांच्या गाड्यावर चढवून उतारावरून न्यावी लागे. गाडा राजाचा होता. त्याच्या मधल्या तुळईवर नाव टेकायची, दोन्ही बाजूंचे खुंट तिला कलू देत नसत आणि पुढचा अडसर तिचे नाक धरून ठेवी.

हा गाडा राजाच्या थोरल्या नावेवरून बेतलेला होता. लहान नावा त्यात डुगडुगत. पण खुंट हलवावेत, हे कुणाच्या मनातही आले नाही. लोकांनी आपल्या नावांनाच बाहेरून फळ्या ठोकल्या. नावा जाड झाल्या, जड झाल्या, वल्हवणारे धापा टाकू लागले. गाड्यात मात्र त्या छान बसत.

वरच्या ओढ्यांमधून माणसे ने-आण करणाऱ्या एका होडीवालीला गाड्याची कधी गरज पडली नव्हती. तिची होडी अरुंदच राहिली होती.

एका पावसाळ्यात महापूर आला. पूर ओसरला, तरी धबधब्याखालच्या बेटावरून चुलींचा धूर दिसेना. बेटावरचे धान्य वाहून गेले होते. तिथे जायची वाट खडकांच्या कपारीतून होती आणि जाडजूड नावा कपारीत अडकून परत येत होत्या.

लोकांनी धान्याची पोती पाठीवर घेऊन धबधब्याच्या पायथ्याशी नेली. होडीवालीने आपली होडी गाड्यावर चढवली. होडी अडसरापर्यंत पोचेना, सारा भार मागे गेला, गाडा उलार झाला आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले गेले.

"बाई, गळ्याला फास बसतोय," धाकटा बैल म्हणाला. "तो अडसर मागे घे."

"आणि खुंट आत घे," थोरला म्हणाला. "नाहीतर पहिल्याच वळणावर होडी आमच्या पाठीवर येईल."

गाड्यावरचा कारभारी धावत आला. "गाड्याला हात लावायचा नाही. चार फळ्या ठोकून घे. सगळ्यांनी ठोकल्यात."

"फळ्या ठोकल्या, तर कपारीतून जाईल कशी?"

"ते मला विचारू नकोस. माझं काम गाड्यापुरतं."

"मग माझंही आत्ता गाड्यापुरतंच आहे," ती म्हणाली आणि तिने मोगरी उचलली.

"खुंट हलवलास तर होडी जप्त होईल."

"व्हायची तर होऊ दे. बेटावरून आले की करा जप्त. पळून जाणार नाही मी."

तिने खुंट ठोकून बाहेर काढले, होडीच्या कुशीला भिडतील असे आत बसवले आणि अडसर मागे घेऊन होडीच्या नाकाशी आणला. जू बैलांच्या मानेवर नीट टेकले. होडी उतारावरून जराही न कलता खाली गेली. संध्याकाळी बेटावर धूर दिसला.

दुसऱ्या दिवशी ती धबधब्याच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. "आले, कारभारी. करा जप्त."

जप्तीचा माल धक्का न लावता धबधब्यावरच्या राजवाड्यात पोचवायचा, असा राजाचा हुकूम होता. कारभाऱ्याने गड्यांना खुंट पूर्ववत करायला सांगितले आणि होडी चढवायला लावली. गाडा पुन्हा उलार झाला. त्याने नाइलाजाने खुंट आत घ्यायला सांगितले.

"कुठवर घ्यायचे?" गड्यांनी विचारले.

कारभाऱ्याने तुळईवरच्या कालच्या खुणा पाहिल्या. मग म्हणाला, "तिने बसवले होते तिथवर."

"तेवढ्यासाठीच जप्ती होती ना?" थोरला बैल म्हणाला.

काठावरचे सगळे नावाडी हसले. त्यातल्या एकाने आपल्या नावेची पहिली फळी उपसली आणि कारभाऱ्यासमोर टाकली. "पुढची पाळी माझी. खुंट माझ्या मापाने लावा." मग दुसऱ्याने उपसली, मग तिसऱ्याने. दुपारपर्यंत काठावर फळ्यांचा ढीग झाला. एवढ्या नावा जप्त करून ठेवायला राज्यात जागा नव्हती. होडीवाली आपली होडी सोडवून कपारीच्या दिशेने निघून गेली आणि तिला कुणी अडवले नाही.

तात्पर्य : सोय माणसासाठी असते; ती माणसाच्या मापाची नसेल, तर सोय बदलावी, माणसाला फळ्या ठोकू नयेत.