राजाचा एकच नियम आणि आंधळी गोजरा

राजा चंडकेतूने दवंडी पिटवली आणि पंचाईत झाली त्याच्या कुलगुरूंची! दवंडी अशी होती: "ऐका हो ऐका! महाराजांच्या विद्यापीठाचं दार आजपासून आंधळ्या-पांगळ्यांना, मुक्या-बहिऱ्यांना, सगळ्यांना उघडं!" ढोल वाजले, शेजारच्या राजांना खलिते गेले, भाटांनी कवनं रचली. दार उघडं म्हटल्यावर खरंच कुणी आत येईल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि गोजरा आली! बाजारपेठेतल्या कासाराची मुलगी, जन्माची आंधळी. बापाच्या दुकानात बसून बायकांच्या हातांत बांगड्या भरायची आणि भरता भरता त्यांच्या नवऱ्यांची फिरकी घ्यायची. तिला तर्कशास्त्र शिकायचं होतं.

कुलगुरू वाचस्पतिशास्त्रींनी कपाळाला हात लावला. पण दवंडी राजाची, नाव घालावंच लागलं! गोजराने वर्षभर ऐकून ऐकून सगळं पाठ केलं, आणि असे प्रश्न विचारले की शास्त्रीबुवांची वर्गातली डुलकी बंद झाली. परीक्षा जवळ आली तशी ती त्यांना म्हणाली, "शास्त्रीबुवा, मला एक वाचक द्या. त्यानं प्रश्न वाचायचा आणि मी सांगेन ते उत्तर उतरवून घ्यायचं. बाकी माझं मी बघते."

शास्त्रीबुवांना हवं होतं ते मिळालं. ते तडक दरबारात गेले.

"महाराज, पोर सवलत मागते! आज हिला वाचक, उद्या लंगड्याला पालखी! हे विद्यापीठ आहे की अन्नछत्र?"

राजाला आपल्या न्यायाचा भारी अभिमान, विशेषतः तो दुसऱ्याला लागू करायचा असला की! तो गरजला, "माझ्याकडे सगळ्यांना एकच नियम! परीक्षेत कुणालाही कसलीही मदत नाही. पोरीनं स्वतः वाचावं, स्वतः लिहावं. नाही जमलं तर नाव काढा, आणि असल्यांना पुन्हा दारात उभं करू नका!"

हे ऐकून गोजराचा बाप रडकुंडीला आला. "गोजरे, चल घरी. बांगड्यांवर पोट भरतंय की आपलं."

"पोट भरतं हो, आबा. पण मी बाहेर पडले तर दार सगळ्यांनाच लागलं. तो वेशीवरचा पांगळा भिवा रोज विचारतो, 'गोजराताई, मी कधी येऊ?' त्याला काय सांगू?"

बोलली ती ठणकावून, पण मनातून ती घाबरली होती. रात्रंदिवस घोकलेलं असं मातीत जाणार म्हणून रागही आला होता. तो राग घेऊनच ती दरबारात उभी राहिली.

"महाराज, नियम कबूल! फक्त तो खरोखर सगळ्यांना लागू होईल, एवढं वचन द्या."

"दिलं!" राजाने मिशीला पीळ दिला. "करा रे शिक्कामोर्तब!"

शास्त्रीबुवांना तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. बकरी आपल्या पायांनी खाटकाच्या दारी आली, असं त्यांना वाटलं.

परीक्षा व्हायची डोंगरात कोरलेल्या लेण्यात. आत भर दुपारीही काळाकुट्ट अंधार, म्हणून खांबाखांबाशी दिवे तेवत असायचे. गंमत बघायला राजा जातीने आला. सगळे स्थिरस्थावर झाले, तोच गोजराने शिक्क्याचा हुकूम सेवकांपुढे धरला.

"कुणालाही कसलीही मदत नाही, असं लिहिलंय ना? मग बघता काय? विझवा दिवे!"

राजाचा शिक्का! सेवकांनी फटाफट फुंकर घातली.

मग काय विचारता! कुणाची दौत कुणाच्या धोतरावर लवंडली. कुणी लेखणी समजून शेजाऱ्याची शेंडी ओढली. "शांतता! शांतता!" ओरडत शास्त्रीबुवा खांबावर आदळले, आणि खुद्द महाराज शास्त्रीबुवांवर!

"दिवे कुणी विझवले?" राजा कडाडला.

"मी, महाराज. दिवा ही मदतच की! मला लागत नाही, मी कधी मागितलाही नाही. ही एवढी डोळस मंडळी मात्र त्याच्यावाचून एक अक्षर वाचू शकत नाहीत. बिचारी!"

"अगं, दिवा म्हणजे का मदत?" शास्त्रीबुवा अंधारातून किंचाळले. "ती साधी सोय आहे, सोय!"

"असं होय! म्हणजे तुम्हाला लागते ती सोय, आणि मला लागते ती सवलत?"

राजा चांगलाच कोंडीत सापडला होता, पण हट्ट सोडेल तर राजा कसला! "वचन म्हणजे वचन! परीक्षा अंधारातच होईल. शास्त्रीबुवा, विचारा पहिला प्रश्न!"

"महाराज... प्रश्न ना... ते कागदावर आहेत..."

"तुम्हीच काढलेत ना?"

"काढले मीच, पण... दिसल्याशिवाय कसं..."

"अगंबाई!" गोजरा कळवळून म्हणाली. "शास्त्रीबुवा, तुम्हाला एखादा वाचक हवाय का?"

अंधारात राजाच आधी फुटला! असा खदखदून हसला की लेणं दणाणलं. "लावा रे दिवे! आणि पोरीला वाचक द्या!"

वाचक आला, गोजराने सगळे प्रश्न सोडवले आणि वर्गात पहिली आली. राजाने मोहरांचं ताट पुढे केलं. ते तिने बापाकडे सरकवलं आणि म्हणाली, "महाराज, भिवाला आत यायला पायऱ्यांशेजारी उतार बांधा. आणि मला कायमचा वाचक द्या."

"उतार उद्याच बांधायला घेतो! आणि वाचक म्हणून," राजाने कुलगुरूंकडे बघून डोळे मिचकावले, "आजपासून रोज आमचे शास्त्रीबुवा!"

शास्त्रीबुवांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. गोजराने मात्र हात जोडले.

"कबूल, महाराज! पण माझी एक विनंती आहे. ते वाचतील तेव्हा त्यांना हवे तेवढे दिवे लावू द्या. आपण त्याला सवलत नाही म्हणायचं!"

राजा पुन्हा हसू लागला, आणि या खेपेला त्याला थांबवायला प्रधानाला पाणी आणावं लागलं.