शेठांच्या टाकीतलं पाणी

शेलगावच्या विहिरीला डिझेलचा वास येऊ लागला, तसं नळाला पाणी सोडणाऱ्या गोदाक्काने मोटर बंद केली. विहिरीला लागूनच रतनशेठांचा पेट्रोल पंप होता. पण ग्रामसभेला आलेल्या तहसीलदारांपुढे तक्रार घेऊन उभे राहिले ते शेठच.

"तहसीलदारसाहेब, यांच्या विहिरीचं पाणी झिरपून माझ्या जमिनीखालच्या टाकीत शिरतंय. गिऱ्हाइकांच्या गाड्या बंद पडतात. विहीर बुजवून टाका."

"आणि विहिरीतलं डिझेल?" सरपंचांनी विचारलं.

"ते कुठलं कोणास ठाऊक. माझ्या टाकीतून थेंब बाहेर जायचा नाही."

गावाला दुसरी विहीर नव्हती. गोदाक्काला चार माणसांत बोलायची सवय नव्हती, तरी ती उठली.

"शेठ, आमचं पाणी तुमच्या टाकीत शिरलं, हे नक्की ना?"

"डोळ्यांनी पाहिलंय."

"मग ते ज्या भोकातून आत गेलं, तिथून तुमचं डिझेल बाहेर यायला कुणाची परवानगी लागते?"

तहसीलदारांना हसू आवरेना. टाकी उकरली, तर बूड गंजून चाळण झालेलं. शेठांच्याच खर्चाने विहीर साफ व्हायला वर्ष लागलं.

पाणी तपासायला आलेल्या इंजिनिअरने विचारलं, "टाकी फुटल्याचं ओळखलं कुणी?"

सरपंच ताठ उभे राहून म्हणाले, "आमच्या गोदाक्कांनी. पाणी कुठून येतं नि कुठे जातं, ते या गावात त्यांनाच विचारावं."