खापरटेकावरची मोजणी

घाटाच्या पायथ्याच्या या टेकावर माती दिसत नाही, नुसती खापरं. पाय घसरतो, जपून चढा. वर ते कमरेएवढे दगड गोल करून बसलेत, त्यांना हात जोडू नका. ते देव नाहीत.

फार मागे, बंदरावरचा माल या वाटेनं वर जायचा, तेव्हा समुद्रापलीकडचे यवन, म्हणजे ग्रीक व्यापारी इथं राहत, असं सांगतात. त्यांच्यात राजा नव्हता. सहलीला येणारे मास्तर पोरांना कौतुकानं सांगतात, "बघा, सगळे लोक मिळून ठरवत!" मी म्हणते, मास्तर, लोक म्हणजे कोण ते आधी सांगा. बाई लोकांत नव्हती. गुलाम लोकांत नव्हता. त्यांची ओझी वाहणारे, त्यांची मडकी भाजणारे आम्ही तर नव्हतोच. उरले तेवढे लोक.

ते इथं गोल बसत. प्रत्येकाकडे एक खापर. ठराव पटला तर खापर मध्ये टाकायचं, मग मोजायचं. पूर्वी कुणी लबाड मोजणी मोडून पळाला होता म्हणे, म्हणून त्यांनी देवाची शपथ घातली होती: गोलात पडलेलं प्रत्येक खापर मोजल्याशिवाय कुणी जागचं उठायचं नाही.

एका उन्हाळ्यात झरे आटले. कातळातलं एक टाकं तेवढं भरलेलं. थेवदोर नावाचा त्यांचा पुढारी उभा राहिला नि म्हणाला, पाणी खापरवाल्यांना आणि त्यांच्या बैलांना. ठराव झाला. टाक्याला दार लागलं, पहारा बसला. बैलांची सोय झाली, आमची नाही.

गावात खेमाई कुंभारीण होती. तिची सून नुकती बाळंत झालेली. पाण्यावाचून तिचं दूध आटलं, पोर रडायचंही थांबलं. खेमाई टेकावर चढली नि म्हणाली, "मलाही खापर द्या. मलाही सांगायचंय."

सगळे हसले. थेवदोर म्हणाला, "म्हातारे, तुझ्या दारात खापरांचा उकिरडा आहे. एक काय मागतेस?"

"बरं," एवढंच म्हणून खेमाई उतरली.

पुढच्या सभेला सगळे यवन जमले, पहारेकरीसुद्धा. मोजणी सुरू झाली, तशी खेमाई गावच्या बाया घेऊन आली. प्रत्येकीच्या डोक्यावर खापरांची पाटी. सगळ्या पाट्या गोलात ओतल्या.

"मोजा!"

थेवदोर उठायला लागला, तर त्याच्याच माणसांनी त्याला खाली ओढला. शपथ! मोजायला बसले. बायांनी आणखी आणलं. उकिरडा संपला तेव्हा खेमाईनं बाजारासाठी भाजलेली चांगली मडकी आणली. वर्षाचं पोट होतं ते. गोलाच्या कडेला आपटून एकेक फोडलं.

टाक्यावर आता कुणीच नव्हतं. यवनांच्या घरच्या बायकांनीच दार मोडलं म्हणे. त्यांनाही कुणी कधी विचारलं नव्हतं. पहिली ओंजळ खेमाईची सून प्याली. पोर जगलं.

वर उन्हात त्यांच्या जिभा सुकल्या. खेमाई भरला घडा घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "आम्हीही लोक आहोत एवढं म्हणा. खापरं आम्ही उचलून नेतो, तुम्ही पाणी प्या."

एका वाक्याचं काम होतं. कुणी म्हणालं नाही. माना खाली घालून मोजत राहिले, आणि मोजता मोजता दगड झाले, असं सांगतात. झाले तर झाले. मला दया येत नाही. तुम्हाला येत असेल तर घरी जाऊन विचार करा, तुमच्या सभेत चहा कोण देतं नि सही कोण करतं.

आजही गावात लग्न होऊन आलेली सून हळदीच्या अंगानं इथं येते. हातातलं खापर त्या दगडांमध्ये भिरकावते, आणि जिनं सासरच्यांसमोर अजून तोंड उघडलेलं नसतं, ती खालच्या चावडीला ऐकू जाईल अशी ओरडते, "मोजा!"